वजन उतरवायचंय? आधी घरातल्या तेलाचा हिशोब मांडा

दिवाळीचा फराळ संपला की आपल्याकडे खान्देशात दरवर्षी तेच होतं. पोरगं आरशात बघतं, 'आता बस झालं' म्हणतं आणि दुसऱ्या दिवसापासून भाकरी बंद. पहाटे पाचला पोलीस भरतीच्या पोरांबरोबर मैदानावर, संध्याकाळी जिममध्ये, रात्री नुसती काकडी. आठवड्यात तीन किलो उतरतात, त्यातलं बरंचसं पाणीच असतं. मग गुडघा धरतो, मळ्यातल्या भरीत पार्टीचं बोलावणं येतं आणि संक्रांतीपर्यंत वजन होतं तिथं परत, वर किलोभर व्याज.

विशी-पंचविशीतल्या ज्यांना दहा, पंधरा, पंचवीस किलो उतरवायचेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. एवढं वजन तीन महिन्यांत उतरत नाही, आणि उतरलं तर टिकत नाही. वर्ष, दीड वर्ष, कधी दोन वर्षं धरून चाला. म्हणजे तुमच्या योजनेला हिवाळ्यातलं भरीत, अखाजीची (अक्षय तृतीयेची) पुरणपोळी, लग्नसराईची वरण-बट्टी, श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट आणि भुसावळचा मे महिना या सगळ्यांतून पार व्हायचं आहे. मोबाईलवरच्या तयार डाएट चार्टला यातलं काहीच ठाऊक नसतं. म्हणून तो चार्ट आपल्या घरात चार दिवसांवर चालत नाही.

आधी टेप, मग डॉक्टर

वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये. वजनाला उंचीच्या वर्गाने भागा. 170 सेंटिमीटर उंची आणि 90 किलो वजन असेल तर 90 भागिले 2.89, म्हणजे 31 च्या आसपास. हा बीएमआय. आपल्या भारतीय शरीरांत चरबी पोटाभोवती लवकर साठते, म्हणून आपल्यासाठी मर्यादा कडक आहेत: 23 च्या पुढे वजन जास्त, 25 च्या पुढे लठ्ठपणा.

त्याहून कामाची गोष्ट म्हणजे कंबर. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची 80 च्या वर गेली की धोका वाढतो. पॅन्टच्या मापावर जाऊ नका, ती पोटाच्या खाली बांधलेली असते.

डॉक्टरांकडे कोणी जायलाच हवं? बीएमआय 30 च्या वर असेल, मानेवर किंवा काखेत काळपट मखमली पट्टा दिसत असेल (आंघोळीत कितीही घासला तरी तो जात नाही, कारण तो मळ नसून बहुतेक वेळा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते), जोरात घोरणं आणि दिवसा डुलक्या असतील, पाळी अनियमित असेल, आई-वडिलांना कमी वयात शुगर असेल, तर सुरुवात दवाखान्यातूनच करा. रक्तदाब, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल आणि लिव्हरच्या तपासण्या साधारणपणे सांगितल्या जातात. खासगी लॅबचा खर्च झेपत नसेल तर धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या मुलामुलींनी सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्यावी. सिकलसेल असताना उन्हात, पाणी न पिता अंगमेहनतीचा व्यायाम केला तर जिवावर बेतू शकतं.

टीएसएच वाढलेला निघाला आणि डॉक्टरांनी सांगितली तर गोळी सुरू करा, पण सगळा दोष थायरॉइडवर टाकू नका. थायरॉइडमुळे वाढणारं वजन सहसा थोड्याच किलोंचं असतं, बाकीचा हिशोब इतरांसारखाच करावा लागतो. स्टेरॉइड किंवा मानसिक आजाराच्या काही औषधांनीही वजन वाढतं. ती परस्पर बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. आणि वय 18 च्या आत असेल, किंवा गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, तर पुढचं काहीही स्वतःहून करू नका.

पहिलं लक्ष्य छोटं

90 किलोच्या माणसाने 'मला 65 व्हायचंय' असं भिंतीवर लिहू नये. पहिलं लक्ष्य पाच टक्के, म्हणजे साडेचार किलो. एवढ्यानेही रक्तदाब, शुगर आणि लिव्हरवरची चरबी यांत फरक पडू लागतो. तीन-चार महिने द्या. ते टिकलं की पुढचे पाच टक्के.

आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी, म्हणजे आठवड्याला अर्धा किलो उतरवायला रोज 500 ते 550 कॅलरींची तूट लागते. बावीस वर्षांचा, 170 सेंटिमीटर उंचीचा, 90 किलोचा, दिवसभर बसून काम करणारा मुलगा रोज साधारण 2,400 ते 2,600 कॅलरी खर्च करतो. त्याने 2,000 च्या आसपास खाल्लं तरी वजन उतरतं. 155 सेंटिमीटर उंचीच्या, 72 किलोच्या मुलीचा खर्च 1,900 च्या आसपास असतो. तिने 1,500 च्या खाली जायची गरज नाही, आणि तिचा वेग त्या मुलापेक्षा कमी राहणार हे तिने आधीच मान्य करावं. भावाबहिणीने एकत्र सुरुवात केली की दुसऱ्याच महिन्यात यावरून रडारड होते.

घाई केली तर काय होतं? चरबीबरोबर स्नायूही झिजतात, दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात आणि पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते.

पहिल्या आठवड्यात काहीच बदलायचं नाही

फक्त लिहायचं. साधी वही घ्या, रोजचं जेवण त्यात उतरवा: काय, किती, किती वाजता, कोणाबरोबर. चहासुद्धा, आणि भाजी चाखताना तोंडात टाकलेली मूठभर शेवसुद्धा. घरात वजनकाटा असेल तर एकदा भाकरीचं पीठ तोलून बघा. आपल्याकडची भाकरी तालुक्यागणिक बदलते. कुठं 50 ग्रॅम पिठाची, कुठं शंभरची. 70 ग्रॅम पिठाची धरली तर साधारण 240 कॅलरी.

आठवड्याच्या शेवटी वही वाचा. बहुतेकांना भाकरीचा आकडा ठीकच दिसतो. दचकवणारे आकडे दुसरीकडेच निघतात. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, झाली 40 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसभरात 25 ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. संध्याकाळी सहाला नाक्यावरची कचोरी नाहीतर गिलक्याची भजी. रात्री अकराला अभ्यासिकेतून परत येताना केळी वेफर्सचं पाकीट, शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर कॅलरी. आणि सगळ्यांत मोठा आकडा वहीत येतच नाही, कारण तो भाजीत विरघळलेला असतो.

कढईचा हिशोब

तेलाची बाटली किंवा डबा किती दिवसांत संपतो ते आईला विचारा. समजा घरात चार माणसं आणि महिन्याला पाच लिटर तेल. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम. म्हणजे 4,550 ग्रॅम भागिले चार माणसं भागिले तीस दिवस, आले माणशी रोज 38 ग्रॅम. ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे दिवसाला 340 कॅलरी नुसत्या तेलाच्या. शेंगदाणे, खोबरं, तूप आणि बाहेरचं खाणं यात धरलेलंच नाही. बसून काम करणाऱ्याला वरून घेतलेलं तेल दिवसाला 25 ते 30 ग्रॅम पुरतं.

आता शेवभाजीचं ताट घ्या. 50 ग्रॅम तिखट शेव, 270 कॅलरी. वर तरंगणारी लाल तर्री दोन मोठे चमचे, म्हणजे 30 मिली, आणखी 240. मसाल्यातलं खोबरं आणि दाणे वेगळेच. भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आधीच पाचशे पार. अशा ताटावर बसून जो भाकरी दोनावरून एकावर आणतो आणि रस्सा दोनदा मागून घेतो, त्याचं वजन उतरत नाही आणि तो दोष ज्वारीला देतो.

तेल कमी करायचं म्हणजे चव घालवायची असं नाही. आपल्या काळ्या मसाल्याची चव कांदा आणि सुकं खोबरं आचेवर भाजण्यात आहे. कांदा सालासकट विस्तवावर काळा होईपर्यंत भाजा, खोबरं कोरडंच भाजा, लसूण-आलं-कोथिंबीर घालून पाणी टाकून बारीक वाटा, मग फोडणीला चार माणसांच्या भाजीसाठी तीन मोठे चमचे तेल पुरतं. डब्यातून धार सोडायची सवय मोडून चमच्याने मोजायचं, एवढाच बदल. रस्सा उकळून थांबला की वर आलेली तर्री पळीने वाटीत काढून ठेवा. ज्याला हवी तो घेईल.

भरताचंही तसंच. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना भौगोलिक मानांकन आहे. हे मोठं हिरवट-पांढरं वांगं काट्याकुट्यांच्या जाळावर भाजलं, सोललं, बडगीत हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचलं, तर इथपर्यंत त्यात शंभर ग्रॅमला जेमतेम 25-30 कॅलरी आहेत. पोटभर खा. वजन वाढतं ते पुढच्या दोन मिनिटांत: कढईत वाटीभर तेल, त्यात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, आणि वर पानात चार-पाच पुऱ्या. पार्टीत भरीत घ्या, पुरीऐवजी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी घ्या, दाणे थोडे वेचून बाजूला ठेवा. कोणाच्या लक्षातही येत नाही.

शेंगदाणा मात्र वाईट नाही. त्यात प्रथिनं चांगली आहेत, पण शंभर ग्रॅमला 570 कॅलरी आहेत. ठेचा चमचाभर घ्या. पिशवी मांडीवर घेऊन क्रिकेटचा सामना बघत दाणे फोडत बसणं मात्र महाग पडतं.

एक गोष्ट मुलांना खास सांगायची आहे. आईला तुमच्यासाठी वेगळा स्वयंपाक करायला लावू नका. 'तेल कमी टाक गं' हे वाक्य जिने वीस वर्षं तुम्हाला खाऊ घातलं तिला टोचतं, आणि महिनाभराने ती कंटाळतेही. त्यापेक्षा आठवड्यातून दोन संध्याकाळी भाजी तुम्ही करा. कांदा भाजायला, मसाला वाटायला उभे राहिलात की तेलाचा प्रश्न भांडणाशिवाय सुटतो. घरातल्या सगळ्यांनाच कमी तेल चालू लागलं तर वडिलांच्या रक्तदाबालाही बरं.

ताटात काय वाढवायचं

कमी करायचं सांगून झालं. वाढवायचं काय, तर भाज्या आणि प्रथिनं. प्रथिनं कमी पडली की भूक दोन तासांत परत येते आणि उतरणाऱ्या वजनात स्नायूही जातात.

जितकं वजन गाठायचंय तितक्या किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं धरा. 75 किलो गाठायचे असतील तर दिवसाला 75 ते 90 ग्रॅम. पावडरच्या डब्याशिवाय हे जमतं. कळणं, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ, हे आपल्या आज्यांचं मोठं शहाणपण आहे. ज्वारीत जे अमिनो आम्ल कमी, ते उडदात जास्त. चार भाग ज्वारीला एक भाग उडीद घेतला तर 70 ग्रॅमच्या एका भाकरीत 9 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. दोन भाकरींत 18. घट्ट वरणाच्या दोन वाट्यांत 12 ते 14. मटकी किंवा मुगाच्या उसळीची वाटी, 8-9. पाव लिटर दूध किंवा दही, 8. तीन अंडी, 18. मूठभर दाणे, 7. झाले सत्तरच्या वर. अंडी चालत नसतील तर 50 ग्रॅम सोयाबीन वड्या घ्या, त्यांत 26 ग्रॅम मिळतात. वड्या गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळल्या आणि आपल्या काळ्या मसाल्यात टाकल्या की वासाची तक्रार राहत नाही. किडनीचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

वरण मात्र घट्ट हवं. मेसमधल्या पिवळ्या पाण्याला वरण म्हणून हिशोबात धरू नका. मेसवर राहणाऱ्यांनी खिशात फुटाणे ठेवावेत, संध्याकाळी अंड्याच्या गाडीवर दोन-तीन उकडलेली अंडी खावीत (ऑम्लेट नको, तिथं तेलाला मोजमाप नसतं), दह्याचा छोटा कप घ्यावा.

अर्धं ताट भाजीने भरा: गिलके, दोडके, पोकळा, मेथी, गंगाफळ, कोबी. सोबत कांदा, मुळा, काकडी. कैरीचं लोणचं चमचाभरच, त्यातही तेल आहेच. डुबुकवड्या, पाटोडी हे बेसनाचे पदार्थ, म्हणजे प्रथिनं आहेतच. फक्त पाटोडीचा रस्सा वर सांगितला तसा.

आणि केळी. केळीच्या जिल्ह्यात राहून 'केळ्याने वजन वाढतं' म्हणून केळं टाळणाऱ्यांची मला गंमत वाटते. मध्यम केळं म्हणजे शंभर कॅलरी, आणि पोटाला आधार. चहा-बिस्किटापेक्षा किंवा खारीपेक्षा केव्हाही चांगलं. वेफर्स ही वेगळी वस्तू, तिला केळं समजू नका.

चालणं, ऊन आणि गुडघे

90 किलोचा माणूस चार किलोमीटर चालला तर साधारण 200 ते 250 कॅलरी खर्च होतात. तेवढ्या 40 ग्रॅम शेवेत असतात. म्हणून वजन मुख्यतः ताटातून उतरतं, आणि चालण्याने ते टिकतं. चालण्याने झोप सुधारते, शुगर ताब्यात राहते, आणि पुढं उतरलेलं वजन धरून ठेवायला याच सवयीचा उपयोग होतो. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम, म्हणजे चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढा वेग.

सुरुवातीला रोज पंधरा मिनिटं सकाळी, पंधरा संध्याकाळी. बीएमआय 30 च्या वर असेल तर पहिले तीन-चार महिने धावू नका. भरतीच्या पोरांचा 1,600 मीटरचा सराव बघून जोश येतो, पण गुडघा आणि टाच त्या जोशाला साथ देत नाहीत. चांगले बूट घ्या, चपलेवर किलोमीटर मोजू नका.

सुरुवात करायला आपल्याकडे उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जळगावात मेहरूण तलावाचा फेरा, धुळ्यात पांझरेकाठचा रस्ता, गावात शिवाराची वाट. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला जातो तेव्हा सकाळी साडेसहाच्या आत घरी परत या, नाहीतर रात्री जेवणानंतर चाला. निघायच्या आधी पाणी, आल्यावर मिठाचं ताक. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, अंगाला गोळे येणं, यातलं काहीही झालं तर तिथंच थांबून सावली गाठा. बोलण्यात गोंधळ व्हायला लागला किंवा अंग तापून शुद्ध हरपायला लागली तर तो उष्माघात आहे, अंगावर पाणी ओतत थेट दवाखाना. उन्हात रेनकोट किंवा प्लास्टिक गुंडाळून 'घाम काढणारे' अजून दिसतात. घामाने पाणी जातं, चरबी नाही.

मुलींना पहाटे मैदानावर जायला घरून परवानगी मिळतेच असं नाही, आणि प्रत्येक रस्ता सुरक्षितही नसतो. गच्चीवर वीस मिनिटं चाललात तरी ते चालणंच असतं. गल्लीतल्या दोघी-तिघी मिळून निघालात तर आणखी बरं, खाडाही कमी होतो.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच, आणि जिमची फी नसली तरी तो होतो. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, दहा वेळा, तीन फेऱ्या. भिंतीला हात टेकून जोर, नंतर ओट्याला, मग जमिनीवर. पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन दोन्ही हातांनी कमरेपासून छातीपर्यंत उचलणं. पाठ सरळ, श्वास रोखू नका. दर दोन आठवड्यांनी दोन-दोन आकडे वाढवा.

शेतात राबणाऱ्यांनी कापूस वेचणीच्या हंगामात वेगळ्या व्यायामाच्या मागे लागू नये. पण काम थांबलं की जेवणाचं प्रमाण तेच राहतं आणि वजन चढतं, तिथं लक्ष ठेवा.

झोपेचं थोडक्यात: सात तास. रात्रपाळीवाल्यांनी पाळी संपल्यावर नाश्त्याच्या गाडीवर थांबायचं की नाही हे आधीच ठरवून ठेवावं. थकलेल्या माणसाचा हात नेहमी तळलेल्याकडेच जातो.

काटा अडकतो तेव्हा

वजन रोज एक-दोन किलोने वरखाली होतं. काल लग्नात मीठ-तेल जास्त झालं, पाळी जवळ आली, शौच झाली नाही, नवा व्यायाम सुरू केला, अशा सगळ्या कारणांनी शरीर पाणी धरून ठेवतं. म्हणून सकाळी उठल्यावर, पोट साफ झाल्यावर वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. मुलींनी या महिन्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करावी. कंबर महिन्यातून एकदा. कधी काटा हलत नाही आणि टेप दोन सेंटिमीटर कमी दाखवते, तेव्हा टेपचं ऐका.

चार आठवडे सरासरी आणि कंबर दोन्ही हलली नाही तर मात्र खरंच अडकलंय. कारणं सहसा दोन. पहिलं, शरीर हलकं झालं की त्याचा खर्चही घटतो. 90 चा 78 झाला की दिवसाची गरज साधारण दीडशे कॅलरींनी कमी होते, म्हणजे तीच तूट राखायला अर्धी भाकरी कमी करा किंवा वीस-पंचवीस मिनिटं जास्त चाला. दुसरं, मोजमाप ढिलं पडलेलं असतं, चमचा जाऊन पुन्हा धार आलेली असते. वही काढा आणि पहिल्या आठवड्यासारखं पुन्हा सगळं लिहा.

सणवार आणि 'ले ना भो'

खान्देशात पाहुण्याला आग्रह नाही केला तर वाढणाऱ्याला चैन पडत नाही. त्याच्याशी वाद घालू नका. पहिल्यांदा निम्मं घ्या आणि दुसऱ्यांदा 'ले ना भो' (घे ना भाऊ) आलं की तेच उरलेलं निम्मं घ्या. वाढणारा खूश, हिशोबही जागेवर. पान रिकामं दिसलं की वाढलं जातंच, म्हणून सावकाश जेवा.

सणाचा नियम एकच: सण म्हणजे एक जेवण, आठवडा नव्हे. अखाजीला खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खा, मनापासून खा. रस बिनसाखरेचा गोडच असतो, आंबा कशाला आहे मग. उरलेल्या पोळ्या दुसऱ्या दिवशी दुधाबरोबर, तिसऱ्या दिवशी तव्यावर तुपात, हे टाळायचं. वाटून टाका. कानबाईच्या रोटांचं तसं नाही, तो प्रसाद भाऊबंदांत बसून संपवायचा असतो. त्या दिवसांत भात आणि चहाची साखर कमी करा आणि वजन उतरेल ही अपेक्षाच ठेवू नका. लग्नसराईत बट्टी तळलेली असेल तर एक घ्या, वरून तूप नको म्हणा, वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी वाढून घ्या.

श्रावणात उलटंच होतं. उपवास करून वजन वाढतं. साबुदाण्यात पिष्ट सोडून फार काही नाही, वर दाण्याचं कूट आणि तूप. उपवास श्रद्धेने करा, पण खिचडीच्या ठिकाणी भगर, ताक, राजगिरा आणि केळं ठेवा.

वर्षातले असे आठ-दहा आठवडे वजन उतरत नाही, जागेवर राहतं. वर्षाचा हिशोब मांडताना ते आधीच वजा करा, म्हणजे 52 ऐवजी 42 आठवडे. आठवड्याला अर्धा किलो म्हटलं तरी प्रत्यक्षात वर्षाला बारा-पंधरा किलो उतरले तर ते उत्तम काम आहे.

लोकांची तोंडं

'ढोल्या' म्हणणारे मित्र आणि 'स्थळ यायला लागलीत, आता तरी' म्हणणाऱ्या मावश्या, दोघांचाही उपयोग शून्य. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाआधी महिनाभर एका वेळच्या जेवणावर राहणं हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो आणि घरचेच तो चालवतात. त्याने चक्कर येते, पाळी बिघडते, आणि लग्नानंतर वजन परत येतं. आईवडील वाचत असतील तर त्यांनी हे थांबवावं.

खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, लपून भरमसाट खाणं आणि मग दोन दिवस काहीच न खाणं, दिवसभर डोक्यात फक्त वजनाचाच विचार, पाळी बंद होणं, यातलं काही सुरू झालं असेल तर वजनाचा कार्यक्रम तिथंच बंद करा आणि डॉक्टरांना भेटा. कोणाशी बोलायची लाज वाटत असेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर 14416, मराठीतही बोलता येतं.

पावडर, काढे, पट्टे आणि 'महिन्यात दहा किलो' यांवर फार बोलण्यासारखं काही नाही. त्यांत खरोखर कमी होतो तो तुमचा खिसा. वजनाच्या इंजेक्शनांची मात्र वेगळी गोष्ट. ती खरी औषधं आहेत, काम करतात, पण ती डॉक्टरांनी तपासून द्यायची असतात. त्यांचे त्रासही आहेत, आणि ती बंद केली की बरंचसं वजन परत येतं. मित्राच्या ओळखीच्या मेडिकलवरून आणून टोचून घेऊ नका.

उतरल्यावर

लक्ष्य गाठलं की लगेच सगळं सोडू नका, आणि तूटही कायम ठेवू नका. दर आठवड्याला शंभर-दीडशे कॅलरी वाढवा, अर्धी भाकरी किंवा एक वाटी वरण, आणि काटा कुठं स्थिर होतो ते बघा. चालणं तेवढंच ठेवा. रविवारी सकाळी वजन करून ते कॅलेंडरवर लिहा, स्वयंपाकघरातच, जिथं दुधाचा हिशोब लिहितात. ठरलेल्या वजनाच्या वर दोन किलो गेलं आणि दोन रविवार तिथंच राहिलं, की तिसऱ्या रविवारची वाट बघू नका. सोमवारपासून वही आणि तेलाचा चमचा बाहेर काढा.